लहरी जनतेच्या, हिशोब सरकारचा

ऑक्टोबर 2001 मध्ये इंदुरात 98.3 मेगाहर्ट्झवर रेडिओ मिरची सुरू झालं. त्या कंपनीचं हे देशातलं पहिलं केंद्र. मुंबई-दिल्लीच्या आधी इंदूरचा नंबर लागला. खासगी एफएमची देशातली सुरुवात त्याच वर्षी जुलैत बंगळुरूला झाली होती. त्याआधी, 1998 मध्ये, देशातली पहिली खासगी लँडलाइन सेवाही इंदुरातच आली. सरकारची मक्तेदारी उठल्यावर काय होतं, ते या शहरानं फार लवकर पाहिलं. तरीही रामबाग, नारायणबागेतल्या मराठी घरांत आज रेडिओ लावला तर स्वतःच्या भाषेतलं, स्वतःच्या गल्लीबद्दलचं खासगी केंद्र सापडत नाही. असं का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात 1885 च्या तार कायद्यापासून होते. तार यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा, असं त्यात लिहिलं. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झनं रेडिओ लहरी प्रयोगानं सिद्ध केल्या त्या 1887-88 च्या सुमारास, म्हणजे कायदा आधीचा आणि लहरींचा शोध नंतरचा. पुढे व्याख्या वाढवून बिनतारी यंत्रं त्याच कायद्यात घेतली गेली. 1857 च्या आठवणी ताज्या असलेल्या राजवटीला संदेशवहन आपल्या मुठीत हवं होतं, आणि मूठ तशीच राहिली.

दुसरा कायदा 1933 चा. 1927 मध्ये मुंबई आणि कोलकात्याला खासगी कंपनीनं रेडिओ केंद्रं सुरू केली. तिची मुख्य मिळकत म्हणजे श्रोत्यांच्या वार्षिक परवाना शुल्कातला वाटा. पण बिनपरवाना ऐकणारे पुष्कळ होते, आणि 1930 मध्ये कंपनी बुडाली. मग नुसता रेडिओ संच बाळगणं हाच परवान्याशिवाय गुन्हा ठरवणारा कायदा आला. आपल्याकडच्या पन्नाशी-साठीतल्या लोकांना तो परवाना आठवत असेल: पोस्टातून मिळणारं छोटं पुस्तक, आणि दरवर्षी रांगेत उभं राहून करून घ्यायचं नूतनीकरण. ऐकण्यासाठीसुद्धा सरकारची परवानगी! ही पद्धत 1980 च्या दशकापर्यंत चालली.

संस्थानांची गोष्ट थोडी वेगळी होती. हैदराबाद, म्हैसूर आणि बडोद्यानं स्वतःची केंद्रं काढली. होळकरांच्या इंदूरला आकाशवाणीचं केंद्र मिळालं ते स्वातंत्र्यानंतर, 1955 मध्ये. मालवा हाउसमधून मध्यम लहरींवर निघालेला आवाज माळव्यातल्या गावागावांत पोचला. ग्रामीण कार्यक्रमातल्या नंदाजी-भेराजींची मालवी ऐकत शेतकऱ्यांच्या पिढ्या वाढल्या. सरकारी मक्तेदारीचे दोष पुष्कळ होते, पण मालवी बोलीला रोज हक्काची वेळ देणारं दुसरं कोणी नव्हतं. हे श्रेय आकाशवाणीला दिलंच पाहिजे.

लहरींची वाटणी मुळात लागते कशाला? एकाच भागात दोन केंद्रं एकाच कंप्रतेवर (फ्रीक्वेन्सीवर) बोलू लागली, तर ऐकणाऱ्याला दोन्ही नीट ऐकू येत नाहीत. इंदूरच्या रेडिओवर 92.7, 93.5 आणि 94.3 ही केंद्रं ओळीनं लागतात. प्रत्येकात अंतर 0.8 मेगाहर्ट्झचं. हे अंतर नियमानं ठेवलेलं आहे. 88 ते 108 च्या पट्ट्यात ते राखायचं, तर एका शहरात केंद्रं मोजकीच बसतात. अंतर निम्मं करावं, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं केली होती. तसं झालं तर जागा जवळपास दुप्पट होईल. म्हणजे टंचाई काही अंशी निसर्गाची आणि काही अंशी धोरणाची आहे. वाटणीचं प्रत्यक्ष काम दूरसंचार खात्यातला बिनतारी नियोजन विभाग 1952 पासून करतो. कोणता पट्टा लष्कराला, कोणता विमानांना, कोणता प्रसारणाला, याचा राष्ट्रीय आराखडा 1981 पासून निघतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नियमांशी तो जुळवून घ्यावा लागतो, कारण लहरी सीमेवर थांबत नाहीत.

खरं वळण आलं क्रिकेटमुळे. 1993 च्या हीरो कपचं प्रक्षेपण परदेशी कंपनीला देण्यावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि दूरदर्शनचं बिनसलं, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांनी स्पष्ट लिहिलं, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, तशी पैसेवाल्यांचीही चालणार नाही. समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व करणारी स्वायत्त संस्था नेमून तिच्या हाती नियमन द्यावं, असंही न्यायालयानं सांगितलं. माझ्या मते भारतीय प्रसारणाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा आदेश, आणि अर्धाच पाळला गेलेला. मक्तेदारी उठली, स्वायत्त संस्था कधीच आली नाही. 1997 चं प्रसारण विधेयक संसदेत मांडलं गेलं आणि तसंच बारगळलं.

संस्थेच्या जागी लिलाव आला. एफएमच्या पहिल्या टप्प्यात 40 शहरांतल्या 108 वाहिन्यांसाठी बोली लागली. परवाना शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणार होतं. बोलीच्या भरात कंपन्यांनी आकडे चढवले, मग बऱ्याच जणांनी हात वर केले. प्रत्यक्षात जेमतेम वीस-बावीस केंद्रं उभी राहिली. त्यांतलं एक इंदूरचं. 2005 च्या दुसऱ्या टप्प्यात सरकारनं धडा घेतला: सुरुवातीला एकदा बोलीची रक्कम, मग उत्पन्नाच्या 4 टक्के वाटा. केंद्रं वाढली. पण बोलीची रक्कम भरून काढायची तर जाहिरात हवी, जाहिरातीला जास्तीत जास्त श्रोते हवेत, आणि ते मिळतात हिंदी सिनेमाच्या गाण्यांना. मराठीला किंवा मालवीला या हिशोबात जागा उरत नाही. निवेदकांना यात दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना नियमांनीच बांधलेलं आहे. बातम्यांचंही तेच. खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या प्रसारित करता येतात. दर तासाला दहा मिनिटं बातम्यांना परवानगी द्या, असं ट्रायनं 2023 मध्ये सुचवलं.

मोबाइलच्या लहरींत हाच प्रश्न हजारो कोटींत गेला. जानेवारी 2008 मध्ये ‘आधी येईल त्याला आधी’ म्हणत 122 परवाने वाटले गेले. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले आणि फेरवाटप लिलावानं करायला लावलं. महालेखापालांनी काढलेला 1.76 लाख कोटींच्या तोट्याचा आकडा घरोघरी पोचला. 2017 मध्ये विशेष न्यायालयानं या वाटपाच्या खटल्यातल्या आरोपींना निर्दोष सोडलं, त्याची चर्चा मात्र तेवढी झाली नाही. या प्रकरणानं एक गोष्ट कायमची रुजली: लहरींचं धोरण चांगलं की वाईट, हे तिजोरीत किती आलं यावर मोजायचं. 2016 मध्ये 700 मेगाहर्ट्झचा पट्टा इतका महाग ठेवला, की कोणीच घेतला नाही. लांबवर पोचणारा, खेड्यांना सर्वांत उपयोगी असा हा पट्टा 2022 च्या लिलावापर्यंत विकला गेला नाही. विकले न गेलेले मेगाहर्ट्झ साठवून ठेवता येत नाहीत. वापराविना गेलेलं वर्ष गेलंच.

2023 च्या दूरसंचार कायद्यानं 1885 आणि 1933 चे दोन्ही कायदे मोडीत काढण्याची तरतूद केली. लिलाव हा नियम ठरला, उपग्रहसेवांसारख्या काही वापरांना अपवाद मिळाला. जनतेच्या वतीनं लहरींचं मालक केंद्र सरकार, असं या कायद्यात म्हटलं आहे. न्या. सावंतांच्या निकालातली जनता इथे आहे, पण तिला नियमनात बसायला जागा नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 234 नव्या शहरांत 730 एफएम वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला. मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढेल, असं त्यात सांगितलं आहे. इंदूरचा अनुभव पाहता, लिलावातून ते आपोआप होईल असं मला वाटत नाही.

लिलावाबाहेरची एक वाट मात्र 2006 पासून उघडी आहे: सामुदायिक रेडिओ. नफा न कमावणाऱ्या, किमान तीन वर्षं जुन्या नोंदणीकृत संस्थेला अर्ज करता येतो. बोली लावावी लागत नाही. 100 वॅटची मर्यादा आणि काही किलोमीटरचा टप्पा. निम्मा तरी मजकूर स्थानिक पातळीवर तयार झालेला हवा, शक्यतो स्थानिक भाषेत. इंदुरातल्या मराठी संस्थांची वयं या अटीपेक्षा कितीतरी मोठी आहेत, त्यांच्याकडे सभागृहं आहेत, कलाकार आहेत, वाचक आहेत. अर्ज माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे जातो, इरादापत्र मिळालं की कंप्रता बिनतारी विभाग देतो.