दुर्मीळ आडनावाचे गणित : क्रास्नाहोर्काईच्या निमित्ताने

ऑक्टोबर २०२५ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक हंगेरीचे लेखक लास्लो क्रास्नाहोर्काई यांना जाहीर झाले आणि त्या आडनावाने मराठी वृत्तनिवेदकांची जीभ चांगलीच अडखळवली. असे लांबलचक आणि क्वचितच कानावर पडणारे आडनाव ऐकले, की त्यामागे एखादे प्राचीन, गढी-किल्ल्यांचे मालक असलेले घराणे असणार, असे मनाशी धरले जाते. दुर्मीळ म्हणजे जुने, आणि जुने म्हणजे कुलीन, अशी ही साखळी आहे. तिच्या दोन्ही कड्या कच्च्या आहेत आणि त्या का कच्च्या आहेत, हे सांगणारे एक फार देखणे गणित आहे.

आधी या नावाविषयी. हंगेरियन लोक आपल्या भाषेत आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर लिहितात. त्यामुळे मायदेशी हे लेखक क्रास्नाहोर्काई लास्लो असतात. आडनावाच्या शेवटी येणारा 'ई' हा आपल्या 'कर' या प्रत्ययाचे काम करतो, म्हणजे क्रास्नाहोर्काई हा क्रास्नाहोर्का येथला. वाईतल्या वाईत कोणाला वाईकर म्हणून वेगळे ओळखता येत नाही, तसेच हेही नाव गाव सोडून गेलेल्यालाच चिकटणार. क्रास्नाहोर्का हा टेकडीवरचा किल्ला असून ते नाव मुळात स्लाव्ह भाषेतले आहे. अर्थ 'सुंदर टेकडी'. तो पूर्वी बेबेक आणि पुढे आंद्राशी या घराण्यांकडे होता. १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला, त्यात हा प्रदेशही गेला आणि आज तो स्लोव्हाकियात आहे. मार्च २०१२ मध्ये या किल्ल्याला मोठी आग लागली होती, तेव्हाही त्याचे नाव बातम्यांत आले होते.

आता गंमत अशी, की 'क्रास्नाहोर्काई' हा शब्द खरोखरच एका उमराव घराण्याशी निगडित आहे, पण ते घराणे आंद्राशींचे. एकोणिसाव्या शतकात आधी हंगेरीचे पंतप्रधान आणि नंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे परराष्ट्रमंत्री झालेले काउंट ग्युला आंद्राशी यांच्या आडनावाआधी जी जहागिरीची बिरुदे लागत, त्यांत 'क्रास्नाहोर्काई' हे एक होते. लेखकाच्या घराण्याचा त्या जहागिरीशी संबंध नाही. त्यांच्या वडिलांकडचे मूळ आडनाव कोरिन होते आणि ते बदलून क्रास्नाहोर्काई हे नाव घेतले गेले १९३१ मध्ये. म्हणजे हे दुर्मीळ आडनाव या घराण्यात अजून शंभर वर्षांचेही नाही.

हा काही अपवाद नव्हे. सम्राट दुसऱ्या योसेफच्या १७८७ च्या आदेशाने हंगेरीतल्या ज्यू कुटुंबांना कायमची जर्मन आडनावे घ्यावी लागली. पुढच्या शतकात वारे उलट फिरले आणि हंगेरियन वाटणारे आडनाव असणे हे राष्ट्रनिष्ठेचे लक्षण मानले जाऊ लागले. १८८१ मध्ये नावबदलाच्या अर्जाचे शुल्क पाच फोरिंटवरून ५० क्रॉइझरवर, म्हणजे एकदशांशावर, आणण्यात आले, आणि जर्मन, स्लोव्हाक, ज्यू अशा हजारो कुटुंबांनी नवी आडनावे घेतली. अणुविखंडनाच्या इतिहासात ज्यांचे नाव अटळपणे येते ते लिओ सिलार्ड १८९८ मध्ये श्पिट्झ या आडनावाने जन्मले आणि १९०० मध्ये त्यांचे कुटुंब सिलार्ड झाले. 'सिलार्ड' म्हणजे घट्ट, अढळ. आडनाव अढळ ठेवायला आधी ते बदलावे लागले, हा विनोद त्या कुटुंबाला जाणवला असेल का, कोण जाणे.

याउलट हंगेरीतली सर्वाधिक प्रचलित आडनावे पाहा. नॉद्य (मोठा), कोवाच (लोहार), तोत (स्लाव्ह), सॉबो (शिंपी), होरवात (क्रोएशियन), वॉर्गा (चांभार), किश (लहान), मोल्नार (गिरणीवाला), नेमेत (जर्मन) आणि फॉर्कॉश (लांडगा) ही पहिल्या दहांतली आहेत. सुमारे ९६ लाख लोकसंख्येच्या देशात एकट्या नॉद्य आडनावाचे दोन लाखांहून अधिक लोक आहेत, आणि या दहा आडनावांत जवळजवळ सहापैकी एक हंगेरियन माणूस सामावतो. हे दोन लाख नॉद्य एकमेकांचे भाऊबंद मात्र नाहीत. चौदाव्या-पंधराव्या शतकांत आडनावे स्थिर होऊ लागली, तेव्हा गावोगावी एखादा धिप्पाड इसम होता आणि गावोगावी एक लोहार होता. प्रत्येक गावात तेच नाव स्वतंत्रपणे जन्मले. दुर्मीळ नावाचा उगम बहुधा एका किंवा दोन-तीन घरांत असतो. हा फरक पुढच्या गणितात निर्णायक ठरतो.

१८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक प्रश्न जाहीरपणे मांडला. नामांकित घराण्यांची आडनावे नाहीशी होत चालली आहेत, असे तेव्हा बोलले जाई, आणि उच्च वर्गाची प्रजननशक्ती घटते आहे की काय, अशी शंका त्यामागे होती. गाल्टन हे सुप्रजननवादाचे, म्हणजे निवडक लोकांच्याच प्रजननातून मानववंश 'सुधारावा' या मताचे, प्रवर्तक. त्या वादाने पुढे जगाचे किती नुकसान केले ते सर्वज्ञात आहे. परंतु हा प्रश्न विचारताना त्यांनी योग्य पाऊल उचलले : कोणताही ऱ्हास नसताना, निव्वळ योगायोगाने किती आडनावे संपतील, हे आधी काढावे. उत्तर शोधले हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने आणि १८७४ मध्ये दोघांचा संयुक्त निबंध आला.

एक सोपे उदाहरण घेऊ. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जाते असे माना. प्रत्येक पुरुषाला एकही मुलगा नसण्याची शक्यता पाव, एक मुलगा असण्याची अर्धी आणि दोन मुलगे असण्याची पाव. सरासरी मुलगे बरोबर एक, म्हणजे समाज ना वाढतो ना घटतो. आता एका माणसापासून सुरू झालेले आडनाव पहिल्याच पिढीत संपण्याची शक्यता २५ टक्के. दुसऱ्या पिढीपर्यंत संपण्याचे तीन मार्ग आहेत : मुलगाच झाला नाही (पाव), एक मुलगा झाला पण त्याला मुलगा झाला नाही (अर्ध्याचा पाव, म्हणजे एक अष्टमांश), किंवा दोन झाले आणि दोघेही निपुत्रिक राहिले (पावाचा सोळावा भाग, म्हणजे एक चौसष्टांश). बेरीज ३९ टक्के. हीच कृती पुन्हा पुन्हा केली की तिसऱ्या पिढीपर्यंत ४८, चौथीपर्यंत ५५, पाचवीपर्यंत ६० आणि दहावीपर्यंत ७४ टक्के अशी मालिका मिळते. कोणाच्याही रक्तात दोष नाही, दुष्काळ नाही, लढाई नाही. तरीही शंभर आडनावांपैकी सुमारे ७४ दहा पिढ्यांत गेली.

मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट याच्या पुढची आहे. सरासरी एक असल्याने शंभर पुरुषांच्या जागी दहाव्या पिढीतही सरासरीने शंभरच पुरुष असणार. ते सगळे उरलेल्या सुमारे २६ आडनावांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येक टिकलेल्या आडनावाला सरासरी चार. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की टिकलेली घराणी मोठी जोमदार होती. प्रत्यक्षात त्यांचे नियम आणि मेलेल्या घराण्यांचे नियम अक्षरशः एकच होते. जे टिकले त्यांच्याकडे पाहून टिकण्याचे 'गुण' शोधणारे सगळे चरित्रलेखन या आकडेमोडीपुढे जरा ओशाळवाणे दिसते.

वॉटसन यांनी इथे एक चूक केली. नाव कधी ना कधी संपण्याच्या शक्यतेला 'क' म्हणा. प्रत्येक मुलाची शाखा स्वतंत्रपणे संपायला हवी, म्हणून मुलगाच नसेल तर १, एक मुलगा असेल तर क, दोन असतील तर क वर्ग, तीन असतील तर क घन. या घातांना त्या-त्या मुलग्यांच्या संख्येच्या शक्यतांनी गुणून बेरीज केली की ती पुन्हा क इतकीच भरली पाहिजे. या समीकरणाला 'क बरोबर १' हे उत्तर नेहमीच लागू पडते. वॉटसन यांनी ते पकडले आणि लोकसंख्या वाढती असली तरी सर्व आडनावे अखेर संपणारच, असे ठरवून टाकले. परंतु क बदलत नेऊन त्या बेरजेचा आलेख काढला तर दिसते, की सरासरी मुलगे एकापेक्षा जास्त असतील तेव्हा हा वक्र 'बेरीज बरोबर क' या कर्णरेषेला आणखी एका, एकाहून लहान बिंदूवर छेदतो, आणि खरे उत्तर तो लहान बिंदू आहे. फ्रान्सचे गणितज्ञ बिएनेमे यांनी हा निष्कर्ष १८४५ मध्येच बरोबर मांडला होता, पण तो शंभराहून अधिक वर्षे विस्मरणात गेला. पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड लोत्का यांनी १९२० च्या जनगणनेतील अमेरिकेच्या गौरवर्णीय पुरुषांची आकडेवारी या समीकरणात घातली. तिथे दर पुरुषामागे सरासरी सुमारे १.२६ मुलगे होते, म्हणजे वाढ भरपूर होती. तरीही एका पुरुषापासून निघालेली शाखा संपण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के निघाली.

हाच आकडा नॉद्य आणि क्रास्नाहोर्काई यांतला फरक उलगडतो. एका पुरुषाची शाखा संपण्याची शक्यता ८२ टक्के असेल, तर दहा असंबंधित पुरुषांच्या दहाही शाखा संपण्याची शक्यता ०.८२ चा दहावा घात, म्हणजे सुमारे १४ टक्के, आणि वीस असतील तर जेमतेम दोन टक्के. हजारो गावांत स्वतंत्रपणे जन्मलेल्या कोवाच या नावाला धोका जवळजवळ शून्य. एका घराच्या नावाचे भवितव्य मात्र दोन-चार जन्मांवर अवलंबून. जाता जाता सांगायला हरकत नाही, की युरेनियममधला एक न्यूट्रॉन सरासरी किती नवे न्यूट्रॉन जन्माला घालतो आणि त्यांची साखळी विझते की भडकते, याचे गणितही नेमके हेच आहे. १९३३ मध्ये लंडनमध्ये साखळी-अभिक्रियेची कल्पना ज्यांना सुचली ते वर उल्लेखिलेले सिलार्डच होते.

इतिहासात याची उदाहरणे हवी तेवढी आहेत. हंगेरीचा विख्यात राजा माचाश हुन्यादी १४९० मध्ये वारला; त्याचा अनौरस मुलगा यानोश १५०४ मध्ये आणि यानोशचा लहानगा मुलगा १५०५ मध्ये गेला, की पुरुषवंश संपला. एका राजघराण्याला संपायला पंधरा वर्षे पुरली. कवी शांदोर पेतोफी जन्माने पेत्रोविच. त्यांनी १८४२ मध्ये पेतोफी हे नाव धारण केले आणि धाकट्या भावानेही तेच स्वीकारले. कवी १८४९ च्या लढाईत नाहीसे झाले, एकुलता एक मुलगा १८७० मध्ये आणि भाऊ १८८० मध्ये निवर्तला. देशातल्या असंख्य रस्त्यांवर आणि शाळांवर कोरलेले हे नाव त्या घराण्यात चाळीस वर्षेही जगले नाही.

मग इतकी दुर्मीळ नावे शिल्लक कशी? कारण विझणाऱ्या नावांच्या जागी नवी सतत जन्मतात : नावबदलाच्या अर्जांतून, स्थलांतरितांकडून, लेखनिकाच्या लहरीतून. अठराव्या शतकात तुर्की अमलानंतर ओस पडलेल्या मैदानी प्रदेशात जर्मन, स्लोव्हाक, सर्ब वसाहतकरी आले, ते आपापली आडनावे घेऊन. लोकसंख्या-आनुवंशिकीत नव्या उत्परिवर्तनांची, म्हणजे जनुकांत अचानक होणाऱ्या बदलांची, जी भूमिका, तीच इथे नव्या नावांची. आनुवंशिकीतज्ज्ञ कावाल्ली-स्फोर्झा यांनी तर इटलीतल्या आडनावांचा अभ्यास जनुकांसारखाच केला होता. कोणत्याही क्षणी मोजणी केली की थोडी नावे लाखोंची आणि पुष्कळ नावे मूठभर लोकांची, असे चित्र दिसते. दुर्मीळ नाव हे त्यामुळे एक तर नुकतेच जन्मलेले असते किंवा विझण्याच्या बेतात असलेले. नावाकडे नुसते पाहून दोन्हींतला फरक कळत नाही. हंगेरियन आडनावाच्या शेवटी 'ई' हा 'वाय' अक्षराने लिहिला असेल तर माणूस उमरावाचा आणि 'आय'ने लिहिला असेल तर सामान्याचा, असा एक ढोबळ ठोकताळा तिकडे आहे, पण त्याला इतके अपवाद आहेत की त्यावर वंशावळ उभारणे हे धाडसच.

हाच धंदा करणारे पुष्कळ आहेत. आडनाव कळवा, पैसे भरा आणि 'तुमच्या घराण्याचे' कुलचिन्ह चौकटीत घालून मिळवा, अशी दुकाने युरोपात जोरात चालतात. कुलचिन्ह एका विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेले असते, त्या आडनावाच्या प्रत्येकाला नव्हे, हे तिथे कोणी सांगत नाही. आपल्याकडे अंकशास्त्राच्या नावाखाली आडनावात एखादे इंग्रजी अक्षर वाढवून भाग्य फिरवून देणारे याच पंगतीतले.

विज्ञानाच्या कसोटीवर उतरणारा भाग आहे तो 'वाय' गुणसूत्राचा. तेही वडिलांकडून मुलाकडे जाते, आडनावासारखेच. ब्रिटनमध्ये ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००६ मध्ये एकाच आडनावाच्या, पण परस्परांशी नाते ठाऊक नसलेल्या पुरुषांच्या जोड्या तपासल्या, तेव्हा आडनाव जितके दुर्मीळ तितकी 'वाय' गुणसूत्रे जुळण्याची शक्यता जास्त आढळली. हंगेरीत मात्र नावबदलाची परंपरा लक्षात घेऊनच ही कसोटी लावावी लागते, कारण १९३१ मध्ये घेतलेले नाव आणि त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गुणसूत्र यांच्या वाटा वेगळ्या असतात.

२०२३ मध्ये हंगेरीतला प्रजननदर दर स्त्रीमागे १.५ च्या आसपास होता, म्हणजे दर पुरुषामागे साधारण पाऊण मुलगा. सरासरी एकाखाली गेली की समीकरणाला 'क बरोबर १' एवढेच उत्तर उरते, आणि एका-दोन घरांची आडनावे काही पिढ्यांतच विझतात. ऐतिहासिक घराण्यांची किंवा जुन्या वळणाने लिहिलेली नावे नव्याने घ्यायला कायदा सहसा परवानगी देत नाही, त्यामुळे विझलेले हुन्यादी अर्जाने परत येत नाहीत. दुसरीकडे २००४ पासून पतीला पत्नीचे आडनाव घेता येते किंवा दोघांना जोडआडनाव धारण करता येते, आणि मुलाला आईचे आडनाव देण्याचीही सोय आहे. मुलींकडूनही नाव पुढे जाऊ लागले, की मोजायची ती मुलग्यांची सरासरी राहत नाही. किती जोडपी हा मार्ग निवडतात, त्यानुसार वरच्या समीकरणातल्या सगळ्या शक्यता नव्याने मांडाव्या लागतील.