गाबोळीचा फोटो मोजता आला पाहिजे

बांगड्याची गाबोळी ताटात एकसंध दिसते. तिचाच पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की निरनिराळ्या टप्प्यांतली अंडी शेजारीशेजारी दिसू लागतात: अगदी कोवळी, बलक साठवायला लागलेली आणि विणीच्या तोंडावर पाणी घेऊन फुगलेली. मासा केव्हा वितो, हंगामात एकदाच की थोडाथोडा करून, याचा अंदाज इथून बांधतात. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ, आणि गोव्यातली मासेमारीबंदीही त्याच दिवसांत असते. त्यामुळे असा फोटो नुसता देखणा असून भागत नाही, त्यावरून मोजमाप करता आलं पाहिजे.

फोटोची गुणवत्ता कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच ठरलेली असते. माळीमच्या जेटीवर उतरलेला मासा बर्फात असला तरी जाळ्यात मरून किती तास झाले याला महत्त्व आहे. मेल्यानंतर पेशी स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळू लागतात. मग बलक सांडलेला दिसतो आणि केंद्रकाची कडा पुसट होते. म्हणून गाबोळीचा पातळ तुकडा लगेच दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवून धरणाऱ्या द्रावणात टाकायचा. द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवं आणि साधारण २४ तास द्यायला हवेत. पुढे पाणी काढायला अल्कोहोल, तुकडा घट्ट धरायला मेण, ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनचे रंग. इथे बिघडलेलं कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती अंड्याचा व्यास मोजताना. लिंबू मधोमध कापलं तर मोठी चकती मिळते, टोकाकडून कापलं तर लहान. अंड्याचंही तसंच. ३०० मायक्रॉन व्यासाचं अंडं केंद्रापासून १२० मायक्रॉनवर कापलं गेलं, तर कापात ते फक्त १८० मायक्रॉनचं दिसतं. त्यामुळे ज्या अंड्यांचं केंद्रक कापात स्पष्ट दिसतं, तेवढीच मोजायची. शिवाय अल्कोहोल आणि मेणात ऊती आकसते. हे आकडे ताज्या अंड्यांच्या आकड्यांशेजारी ठेवायचे नाहीत, आणि ठेवायचेच असतील तर आकुंचन वेगळं मोजून सांगायचं.

मोजायचं म्हणजे आधी पिक्सेलला मायक्रॉनमध्ये बदलायला हवं. त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर नावाची काचपट्टी मिळते: १ मिलिमीटरचे १०० भाग, प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हने (स्लाइडजवळच्या भिंगाने) तिचा फोटो काढायचा आणि इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेघ ओढून प्रमाण ठरवायचं. १०० मायक्रॉनची लांबी ४०० पिक्सेल भरली, तर एक पिक्सेल ०.२५ मायक्रॉनचा. कॅमेऱ्याचा अडॅप्टर किंवा रिझोल्यूशन बदललं की हे सगळं पुन्हा करायचं. फोटोखाली ‘४०० पट’ लिहिण्याला काहीच अर्थ उरत नाही, कारण पानावर चित्र लहानमोठं केलं की ती पट बदलते. प्रमाणरेषा मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते. ती हवीच.

फोटो काढताना स्लाइडच्या रिकाम्या भागावर व्हाइट बॅलन्स करावा, नाहीतर पार्श्वभूमी पिवळट येते आणि इओसिनचा गुलाबी रंग खोटा दिसतो. दरवेळी एकाच जागी ठिपका येत असेल तर स्लाइड सरकवून पाहावी. ठिपका तिच्याबरोबर सरकला तर घाण स्लाइडवर आहे. नाही सरकला तर कॅमेरा फिरवावा. तरीही फोटोत तो जागचा हलला नाही, तर धूळ सेन्सरवर आहे. गोव्याच्या दमट हवेत भिंगावर बुरशीही धरते, आणि मग चित्र धुरकट येतं. तेव्हा कॉन्ट्रास्ट वाढवण्याऐवजी भिंग साफ करून घ्यावं आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल वेळेवर बदलावं.

मूळ फाइल टिफमध्ये ठेवावी. जेपेगमध्ये चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबलं जातं आणि बारीक कडा विरतात. उजेड किंवा कॉन्ट्रास्ट बदलायचाच असेल तर संपूर्ण चित्राचा, आणि ज्यांची तुलना करायची त्या सगळ्या चित्रांचा सारखाच. एखादाच कोपरा उजळणं, नको असलेला डाग पुसणं हा पुराव्यात केलेला फेरफार आहे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतली चित्रं तपासायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ शोधनिबंध पाहिले, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत पुनरावृत्ती झालेली संशयास्पद चित्रं सापडली.

आता आलेख. गाबोळीच्या वजनाला माशाच्या वजनाने भागून १०० ने गुणलं की जननग्रंथी निर्देशांक मिळतो: १२० ग्रॅमच्या माशात ६ ग्रॅमची गाबोळी, म्हणजे ५. वजन पोट साफ करून घेतलं की भरल्या पोटी, ते लिहायलाच हवं. नुसते सरासरीचे खांब काढू नयेत, प्रत्येक माशाचा ठिपका दाखवावा. अंड्यांच्या व्यासाचा आलेख असेल तर ५ माशांची प्रत्येकी ५० अंडी मोजून नमुन्यांची संख्या २५० लिहिणं चूक आहे. एकाच माशाची अंडी एकमेकांसारखी असतात. संख्या ५ च.

गोव्यात या आलेखाला आणखी एक अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून ट्रॉलरचे नमुने नाहीत. तक्त्यातून ते दोन महिने गाळले तर मे आणि ऑगस्ट शेजारी येऊन बसतात. शून्य भरलं तर गाबोळी नव्हतीच असा अर्थ होतो. रेघ जोडली तर न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी वाटते. दोन्ही ओळी ठेवून रकाने रिकामे सोडावेत, एक्सेलमध्ये रिकाम्या रकान्यांसाठी ‘गॅप’ निवडावा आणि तो पट्टा फिक्या राखाडी रंगाने दाखवावा. त्या दिवसांत रापणीतून (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून) मासे मिळाले तर त्यांना वेगळं चिन्ह द्यावं, कारण जाळं बदललं की हाती येणाऱ्या माशांचा आकारही बदलतो.

ऑगस्टच्या कापांवरूनही ही पोकळी भरता येत नाही. अंडं बाहेर पडल्यावर मागे राहणारा रिकामा कोश उष्ण पाण्यातल्या माशांत थोड्याच दिवसांत विरून जातो. ऑगस्टच्या फोटोत तो दिसला नाही, यावरून जूनमध्ये वीण झाली नाही असं म्हणता येत नाही, आणि चित्राखालच्या ओळीत तसं सूचितही करू नये.