मॉर्मनांचा छळ आणि पश्चिमेकडील स्थलांतर

मॉर्मन पंथाची स्थापना १८३० मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात झाली. पुढच्या सोळा वर्षांत त्याच्या अनुयायांना ओहायो, मिसूरी आणि इलिनॉय या तिन्ही राज्यांतून पाय काढावा लागला. १८४७ पासून ते रॉकी पर्वतापलीकडच्या सॉल्ट लेक खोऱ्यात, म्हणजे आजच्या यूटा राज्यात, वसले. १८६९ मध्ये आरपार रेल्वे सुरू होईपर्यंत सुमारे ७०,००० लोक गाड्यांनी किंवा पायी तेथे पोचले.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–४४) हा पामायरा परिसरातल्या एका साध्या शेतकरी कुटुंबातला. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ सिद्ध केला, असे तो सांगे. बायबलच्या जोडीला नवा धर्मग्रंथ आणि वर हयात प्रेषित, हे शेजाऱ्यांना पाखंड वाटणे साहजिक होते. पण त्या काळात अमेरिकेत नवे पंथ पैशाला पासरी निघत होते आणि नुसत्या पाखंडापायी कोणी वस्त्या जाळत नव्हते. मॉर्मन खुपले ते त्यांच्या एकजुटीमुळे. ते जमिनी एकत्र विकत घेत, व्यवहार शक्यतो आपापसात ठेवत, मते एकगठ्ठा टाकत आणि प्रेषिताचा शब्द अखेरचा मानत. वस्ती लहान असेपर्यंत हे खपून जाई. काउंटीची, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाची, निवडणूक फिरवण्याइतकी संख्या झाली की ठिणगी पडे.

ओहायोतील कर्टलंड येथे पंथाचे ठाणे १८३१ मध्ये पडले. मार्च १८३२ मध्ये हायरम गावी जमावाने स्मिथला रात्री घरातून ओढून अंगभर डांबर फासले आणि वर पिसे चिकटवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याने अंग खरवडून घेतले आणि नेहमीप्रमाणे प्रवचन दिले. कर्टलंडमधून त्याचे बस्तान उठले ते मात्र बऱ्याच अंशी घरच्याच भांडणाने. पंथाने काढलेली पतपेढी १८३७ मध्ये बुडाली, अनुयायीच उलटले आणि जानेवारी १८३८ मध्ये त्याने रातोरात गाव सोडले.

खरा रक्तपात मिसूरीत झाला. जॅक्सन काउंटीतील इंडिपेंडन्स ही देवाने नेमून दिलेली भूमी, असे स्मिथने १८३१ मध्येच जाहीर केले होते. तेथले जुने रहिवासी बहुतेक दक्षिणेकडून आलेले आणि गुलामगिरीचे पाठीराखे, तर नवे येणारे उत्तरेकडचे. ‘ही जमीन आम्हालाच मिळणार’ हे ते उघड बोलतही. जुलै १८३३ मध्ये मॉर्मन वृत्तपत्रात स्वतंत्र कृष्णवर्णीयांविषयी मजकूर आला आणि २० जुलैला जमावाने छापखान्याची दुमजली विटांची इमारत पाडली. रस्त्यावर फेकलेले स्मिथच्या साक्षात्कारांचे छापील ताव दोन बहिणींनी उचलले आणि मक्याच्या शेतात लपून वाचवले. नोव्हेंबरात हजाराहून अधिक लोकांना मिसूरी नदीपलीकडे हाकलण्यात आले. पुढे १८३६ मध्ये विधिमंडळाने त्यांच्यासाठी कॅल्डवेल ही निराळी काउंटी काढून दिली, पण वस्ती तिच्या हद्दीबाहेर पसरली आणि तंटा पुन्हा पेटला.

१८३८ सालच्या या झगड्यात मॉर्मनांचे हात अगदीच कोरे नव्हते. स्मिथचा सहकारी सिडनी रिग्डन याने ४ जुलैच्या भाषणात छळ करणाऱ्यांशी ‘निर्मूलनाचे युद्ध’ करण्याची धमकी दिली होती; डॅनाइट नावाची गुप्त टोळी उभी राहिली होती; आणि ऑक्टोबरात मॉर्मन टोळ्यांनी गॅलाटिन गाव लुटून जाळले. क्रुकेड नदीवर राज्याच्या मिलिशियाशी (नागरिकांतून उभारलेल्या सैन्यदलाशी) चकमक झाल्यावर गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने २७ ऑक्टोबरला हुकूम काढला : मॉर्मनांना शत्रू समजावे, त्यांचे निर्मूलन करावे किंवा राज्याबाहेर हाकलावे. तीन दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला झाला. पुरुष आणि मुलगे लोहारशाळेत शिरले. ओंडक्यांच्या त्या भिंतींना मोठाल्या फटी होत्या; हल्लेखोरांनी त्यांतूनच बंदुका चालवल्या. १७ जण मेले, त्यांत दहा वर्षांचा एक मुलगाही होता. शरण आलेल्या स्मिथला गोळ्या घालण्याचा हुकूम मिलिशियाचा अधिकारी अलेक्झांडर डोनिफन याने साफ धुडकावला, म्हणून तो वाचला. बॉग्जचा हुकूम मिसूरीने रीतसर मागे घेतला तो १९७६ मध्ये.

इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी, हिवतापाने ग्रासलेल्या दलदलीत त्यांनी नॉव्हू शहर वसवले. दोन्ही राजकीय पक्षांना त्यांची मते हवी होती, त्यामुळे स्वतःचे न्यायालय आणि स्वतःची मिलिशिया बाळगण्याची मुभा देणारी सनद सहज मिळाली. काही वर्षांत वस्ती सुमारे १२,००० झाली. मिसूरीतील नुकसानीची दाद मागायला स्मिथ राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन याच्याकडेही गेला आणि रिकाम्या हाताने परतला. आता तो महापौर, लष्करप्रमुख आणि प्रेषित असा सबकुछ होता. शिवाय गुपचूप बहुपत्नीत्वही सुरू झाले होते. जून १८४४ मध्ये पंथातल्याच असंतुष्टांनी एका वृत्तपत्राचा पहिला आणि अखेरचा अंक काढून ते चव्हाट्यावर आणले. नगरपरिषदेने तो छापखाना उद्ध्वस्त करवला. इंडिपेंडन्सच्या छापखान्यासाठी गळा काढणाऱ्यांनीच हे करावे, ही गोष्ट विरोधकांच्या पथ्यावर पडली. स्मिथला कार्थेजच्या तुरुंगात ठेवण्यात आले आणि २७ जून रोजी जमावाने तेथे घुसून त्याला आणि त्याचा भाऊ हायरम याला गोळ्या घातल्या. खटला चाललेले पाचही आरोपी निर्दोष सुटले.

स्मिथनंतर बहुसंख्य अनुयायी ब्रिगहॅम यंगच्या मागे गेले. फेब्रुवारी १८४६ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, नॉव्हू रिकामे होऊ लागले. आयोवाचा टप्पा पाचशे किलोमीटरांहून कमी, पण चिखलात तोच चार महिने खाऊन गेला. त्याच वर्षी सुमारे ५०० पुरुष मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी सैन्यात भरती झाले. कपड्यांसाठी माणशी मिळालेले ४२ डॉलर बरेचसे पंथाच्या तिजोरीत आले. उरलेल्यांनी आजच्या ओमाहाजवळ विंटर क्वार्टर्स येथे हिवाळा काढला. थंडी, उपासमार आणि स्कर्व्ही या निकृष्ट आहाराने होणाऱ्या रोगाने शेकडो लोक दगावले.

एप्रिल १८४७ मध्ये १४३ पुरुष, ३ स्त्रिया आणि २ मुले अशी पहिली तुकडी निघाली. मिसूरीवाल्यांशी गाठ पडू नये म्हणून त्यांनी प्लॅट नदीच्या उत्तर काठाने वाट धरली. रोज किती मजल मारली यावर वाद होत. मग विल्यम क्लेटनने एका गाडीच्या चाकाला लाल फडके बांधले आणि दिवसभर शेजारून चालत फेरे मोजले. ३६० फेऱ्यांचा एक मैल. या जाचाला कंटाळून लाकडी दात्यांचे अंतरमापक यंत्र बनवून घेण्यात आले. त्या मापांवरून क्लेटनने पुढच्या वर्षी मार्गदर्शक पुस्तिका छापली. कोणता ओढा किती मैलांवर आणि चारा कुठे, हे मागून येणाऱ्यांना तीत सापडे. वाटेत प्लॅट ओलांडताना यंगने नऊ माणसे तराफ्यावर मागे ठेवली. ती ऑरेगनकडे जाणाऱ्यांना मोबदला घेऊन नदीपार करत आणि त्या गिऱ्हाइकांत मिसूरीकरही असत!

२४ जुलैला यंग खोऱ्यात पोचला. आघाडीच्या लोकांनी आदल्याच दिवशी ओढा अडवून कोरडी जमीन भिजवली आणि नांगर धरला होता. हा मुलूख तेव्हा मेक्सिकोचा होता. अमेरिकेबाहेर पडल्याचे समाधान जेमतेम सहा महिने टिकले; फेब्रुवारी १८४८ च्या तहाने तो अमेरिकेत आला. खोरे ओसाड होते असेही नाही. उट आणि शोशोनी या मूळ रहिवासी जमातींचे लोक तेथे वावरत होते आणि मॉर्मन शेती वाढत गेली तशी त्यांची शिकारीची व कंदमुळांची राने गेली.

पुढचे स्थलांतरित मुख्यतः ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातून आले. प्रचारक भारतातही पोचले होते. ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि नंतर पुण्यात गेला, पण त्याला यश बेताचेच आले. गरिबांना बैलगाडी परवडेना, म्हणून १८५६ पासून हातगाड्यांची टूम निघाली. माणशी १७ पौंड सामान लादून लोक गाड्या स्वतः ओढत. दहापैकी आठ तुकड्या बऱ्यापैकी पार पडल्या. विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या मात्र उशिरा निघाल्या आणि ऑक्टोबरात वायोमिंगच्या बर्फात अडकल्या. दोनशेहून अधिक माणसे मेली. ओल्या लाकडाच्या गाड्या वाटेत मोडत होत्या आणि एवढ्या उशिरा निघू नका असे सांगणारेही तुकडीत होते, तेव्हा याला निव्वळ दैवाचा कोप म्हणता येणार नाही.

सप्टेंबर १८५७ मध्ये, अमेरिकन सैन्य यूटावर चालून येत असताना, माउंटन मेडोज येथे मॉर्मन मिलिशियाने पायूट या मूळ रहिवासी जमातीतल्या काही लोकांना हाताशी धरून आर्कान्सॉकडच्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. सुरक्षित बाहेर काढतो असे सांगून त्यांना आधी शस्त्रे खाली ठेवायला लावली होती. वाचवली ती फक्त लहान मुले. वीस वर्षांनी जॉन ली या एकट्याला देहदंड झाला. बहुपत्नीत्वावरून केंद्र सरकारशी चाललेला झगडा १८९० मध्ये पंथाने ती प्रथा सोडल्यावर निवळला आणि १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला.