शेंगदाणा कुठल्या दाराने आत आला?

'इम्युनिटी बूस्टर' असं छापलेला डबा दिसला की विचारावंसं वाटतं, कोणावर चालून जायला वाढवताय? ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही. उलट ती निरुपद्रवी शेंगदाण्यावर तुटून पडते.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली सांगितलं होतं, की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. ऐकायला किती शहाणपणाचं! ब्रिटनमध्ये 2015 साली 'लीप' चाचणीने हा सल्ला साफ उलटा पाडला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली, निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत 17.2 टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत फक्त 3.2 टक्के.

असं का व्हावं? सगळी गंमत शेंगदाणा कुठल्या दाराने आला यात आहे. इसबाने चिरलेल्या त्वचेतून घरातल्या धुळीतले शेंगदाण्याचे कण आत शिरतात. जखमी त्वचेच्या पेशी आधीच धोक्याची घंटा वाजवत असतात, त्यामुळे पाहुणाही चोर ठरतो आणि त्याच्याविरुद्ध आयजीई ही ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं तयार होतात. आतड्याच्या दाराशी मात्र वेगळा पहारेकरी असतो: डेन्ड्रायटिक पेशी. ती प्रथिनाचा तुकडा उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेते आणि कोऱ्या, म्हणजे अजून काम न ठरलेल्या टी-पेशीला (ही प्रतिकारशक्तीची एक पांढरी रक्तपेशी) दाखवते. दाखवताना सोबत रेटिनोइक आम्लही सोडते. हे आम्ल ती आहारातल्या अ जीवनसत्त्वापासून स्वतःच बनवते. त्याला टीजीएफ-बीटा या संदेशक प्रथिनाची जोड मिळाली की टी-पेशीत फॉक्सपी3 हे जनुक चालू होतं आणि ती लढवय्यी न होता नियामक टी-पेशी होते, म्हणजे इतरांना आवरणारी. वर तेच आम्ल तिच्या पृष्ठभागावर आतड्याचा पत्ताही चिकटवतं. ती रक्तातून फिरून नेमकी आतड्यातच परतते. एकाच रेणूने हुकूमही द्यावा आणि पत्ताही लिहावा, याचं मला अजून नवल वाटतं. 2025 चं वैद्यकाचं नोबेल याच नियामक पेशींच्या आणि फॉक्सपी3 च्या शोधाला मिळालं.

म्हणून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बाळाला चारायच्या का? अजिबात नाही. ते यकृतात साठतं आणि जास्त झालं तर विषारी ठरतं.

शेंगदाणाही अख्खा द्यायचा नाही, घशात अडकतो. बारीक वाटून, पातळ करून द्यायचा. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी. लीपमध्येही त्वचेच्या चाचणीत मोठी गांधी उठलेली बाळं वगळली होती.

सहाव्या वर्षानंतर या मुलांनी शेंगदाणा खावा की नाही, हे त्यांच्या मर्जीवर सोडलं होतं. 2024 मध्ये, ती साधारण बारा-तेरा वर्षांची झाल्यावर, पुन्हा मोजलं. लहानपणी वर्ज्य केलेल्यांत ॲलर्जी 15.4 टक्के, खाल्लेल्यांत 4.4.