स्कॉटलंडच्या जनगणनेतील श्रमिक कुटुंब (एकोणिसावे शतक)

स्कॉटलंडमध्ये दशवार्षिक जनगणना १८०१ मध्ये सुरू झाली; तथापि घरातील प्रत्येकाची नावानिशी नोंद सरसकट मिळते ती १८४१ पासून. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये बहुधा पाचाच्या खालच्या पटीत आणून लिहिली आहेत आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते दिलेले नाही. नाते, वैवाहिक स्थिती व जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेला स्थानिक विभाग) १८५१ पासून आढळतो. आयरिश स्थलांतरितांपुढे मात्र अनेकदा केवळ 'आयर्लंड' एवढाच शब्द असतो. कुटुंबाने भरून दिलेले तक्ते प्रगणक आपल्या वहीत उतरवून घेत. मूळ तक्ते पुढे नष्ट करण्यात आले, त्यामुळे आज उपलब्ध असलेला मजकूर प्रगणकाच्या हातचा आहे.

१८६१ मध्ये खोल्यांचा रकाना आला आणि श्रमिकांच्या राहणीचा हाच सर्वांत बोलका पुरावा ठरला. एक किंवा अधिक खिडक्या असलेल्या खोल्याच त्यात मोजायच्या होत्या. बिनखिडकीची झोपण्याची कोठडी या मोजणीत बसत नाही, म्हणून '१' हा आकडा घराच्या एकूण जागेचा काटेकोर निर्देशक मानता येत नाही. तरीही परिस्थिती बिकट होती याविषयी दुमत नाही: साठ टक्क्यांहून अधिक लोक एका किंवा दोन खोल्यांत राहत होते. ग्लासगोतील 'सिंगल एंड' म्हणजे चूल, भिंतीतल्या कोनाड्यातील बिछाना आणि सगळा संसार एकाच खोलीत. १८६० च्या दशकापासून तेथील लहान घरांच्या दारांवर पत्र्याची पाटी ठोकली जाई. दर प्रौढामागे ३०० घनफूट या हिशेबाने किती माणसे राहू शकतात, हे तिच्यावर लिहिलेले असे आणि निरीक्षक रात्री तपासणीला येत. अशा घरात पोटभाडेकरू लपवायला सबळ कारण होते. तेव्हा वहीतील माणसांची संख्या किमान समजणे अधिक सुरक्षित.

स्त्रियांच्या व्यवसायाबद्दल मतभेद आहेत. व्यवसायाचा रकाना त्यांच्यासाठी मुळातच अविश्वसनीय आहे असे एक मत. नियमित मजुरी बऱ्यापैकी नोंदली गेली, सुटी व घरबसल्या केलेली कामे तेवढी गळली, असे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बंगालच्या तागावर चालणाऱ्या डंडी शहरातल्या गिरण्यांतील कामगार स्त्रिया नोंदींत ठळकपणे दिसतात.

ग्रामीण भागाचे चित्र प्रदेशानुसार बदलते. ईशान्येत अविवाहित नांगरे शेतावरच्या 'बॉथी'त (गड्यांच्या सामायिक खोलीत) एकत्र राहत, म्हणून ते आपल्या घरच्यांपासून वेगळे नोंदलेले सापडतात. आग्नेयेकडील विवाहित शेतगड्याला करारानुसार शेतकामासाठी एक स्त्री मजूरही पुरवावी लागे. घरातली कोणी नसेल तर तो बाहेरची मुलगी ठेवून घेई. अशा गड्याच्या घरात 'नोकर' म्हणून नोंदलेली तरुणी घरकामाला होती असे गृहीत धरू नये. ती मालकाच्या शेतात राबणारी 'बाँडेजर' असू शकते.