गांडूळ कापले की दोन होतात का?

गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे तयार होतात, असे दर पावसाळ्यात सांगितले जाते. ते खरे नाही. मागचा तुकडा बराच वेळ वळवळतो, कारण शरीराच्या प्रत्येक वलयात (कड्यात) स्वतंत्र चेतागाठ, म्हणजे मज्जापेशींचा पुंजका, असते. पण तोंड व मेंदू पुढच्या टोकाला असल्याने तो तुकडा सहसा मरतो. पुढच्या भागात पुरेशी वलये उरली, तर काही जातींत शेपूट पुन्हा वाढते. पूर्ण वाढलेल्या गांडुळावरचा गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा पट्टा तोंडाकडच्या बाजूला असतो, त्यावरून टोक ओळखावे. नागपूरच्या काळ्या मातीत कुदळीने चुकून गांडूळ तुटलेच, तर दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कुंड्यांतल्या ओल्या मातीत ठेवून पाहावेत. मुद्दाम मात्र कोणीही, मुलांना दाखवण्यासाठीसुद्धा, त्या जिवाला कापू नये.