टायगर मॉथ : टेकऑफचे अपघात आणि मालकीचा प्रवास

टायगर मॉथ (डी हॅविलँड डीएच ८२) हे ब्रिटिश बनावटीचे, दोन आसनांचे, उघड्या कॉकपिटचे द्विपंखी प्रशिक्षण विमान आहे. त्याचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन विमानतळावरून झाले. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इतर काही देशांत मिळून सुमारे ८,८०० टायगर मॉथ तयार झाली. जेफ्री डी हॅविलँड यांना पतंग-फुलपाखरांचा अभ्यास करण्याचा नाद होता, म्हणून त्यांच्या कंपनीच्या लहान विमानांना पतंगांची नावे मिळाली.

आज उडणाऱ्या टायगर मॉथचे वय आठ दशकांच्या घरात आहे. एवढ्या आयुष्यात विमान अनेक हातांतून जाते आणि बहुधा एकदा तरी मोडते. मोडण्याचा प्रसंग पुष्कळदा जमीन सोडतानाच येतो. त्यामुळे एखाद्या जुन्या विमानाचे अपघात आणि त्याचे मालक यांचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही. मालक बदलतो त्यामागे अनेकदा अपघात असतो, आणि अपघातानंतर विमान पुन्हा उभे राहते ते नव्या मालकामुळे.

टेकऑफ अवघड का, हे समजण्यासाठी आधी बांधणी पाहावी लागते. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख स्प्रूस लाकडाचे आणि वरून डोप (कापड आवळून घट्ट करणारा लेप) लावून ताणलेले कापड. रिकाम्या विमानाचे वजन जेमतेम ५०० किलो आणि पंखांचा विस्तार ८.९४ मीटर. डीएच ८२ए या सर्वाधिक बनलेल्या प्रकारात १३० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरचे, उलटे बसवलेले जिप्सी मेजर इंजिन आहे. एवढ्या हलक्या आणि रुंद विमानाला वारा सहज उचलतो, हलवतो. ब्रिटिश बनावटीच्या टायगर मॉथला मुळात ब्रेक नव्हते आणि शेपटीखाली चाकाऐवजी लोखंडी घसरपट्टी होती. गवतावर ती जमिनीत रुतून आपोआप ब्रेकचे काम करते, पण डांबरावर तिचा काही उपयोग होत नाही. कॅनडात बनलेल्या डीएच ८२सी प्रकाराला ब्रेक, शेपटीचे चाक आणि कॉकपिटवर सरकते झाकण दिले गेले, यावरूनच मूळ रचनेची मर्यादा कळते.

त्या काळची मैदाने गवताची आणि चहूबाजूंनी मोकळी असत. वारा ज्या दिशेने येई, त्या दिशेला तोंड करून वैमानिक धाव घेई, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. पुढे ठरावीक दिशेच्या पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि वैमानिकाचा हा पर्याय गेला. माझ्या मते टायगर मॉथच्या कित्येक आधुनिक अपघातांचे मूळ इथे आहे. विमान बदललेले नाही, त्याच्या पायाखालची जमीन बदलली आहे.

इंजिन सुरू करण्याचीही जोखीम आहे. त्याला स्टार्टर नसल्याने बाहेर उभ्या माणसाला नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवावा लागतो. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारे नियंत्रण) जास्त उघडे राहिले आणि चाकांखाली अडसर नसले, तर वैमानिकाविनाच विमान सुसाट निघाल्याचे प्रसंग घडले आहेत. एकट्याने उडताना वैमानिक मागच्या आसनावर बसतो. पुढचे आसन गुरुत्वमध्याजवळ असल्यामुळे ते रिकामे राहिले तरी तोल फारसा ढळत नाही. मात्र शेपूट जमिनीवर असेपर्यंत नाक वर असते आणि मागे बसलेल्याला समोरचे काहीच दिसत नाही. म्हणून जमिनीवर नागमोडी चालत, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने डोकावत पुढे जावे लागते.

धाव सुरू होताच विमान उजवीकडे ओढ घेते. जिप्सी मेजरचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरतो. अमेरिकी इंजिनांचे पंखे बहुधा काट्यांच्या दिशेनेच फिरतात. त्या विमानांवर सुकाणूच्या पेडलवर उजवा पाय द्यायची सवय लागलेल्या वैमानिकाला इथे डावा पाय द्यावा लागतो. शेपूट उचलताना फिरत्या पंख्याच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे तीच ओढ क्षणभर वाढते. त्यात उजवीकडून वारा आला, तर विमान वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे तोंड वळवू लागते आणि दोन्ही ओढी एकत्र होतात. सुरुवातीला वेग कमी असल्याने सुकाणूला हवेचा आधार नसतो, आणि ब्रेक तर नसतातच.

मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे असल्याने वळण एकदा सुरू झाले की मागचे वजन बाहेर फेकले जाऊ लागते आणि वळण आपणहून आवळत जाते. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. विमान जागच्या जागी गरकन फिरते, बाहेरच्या बाजूला कलते आणि खालच्या पंखाचे टोक जमिनीला लागते. टायगर मॉथचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) फक्त खालच्या पंखांना असल्यामुळे नुकसान नेमके नियंत्रणाच्या भागांचे होते. जमीन मऊ असेल तर नाक रुतून विमान उताणेही पडते.

दुसरा धोका जमीन सुटल्यानंतरचा. दोन पंख, मधले खांब आणि ताणाच्या तारा यांमुळे हवेचा विरोध मोठा असतो. इंजिनाने दम सोडला की वेग काही क्षणांत गळून जातो. त्या वेळी नाक ताबडतोब खाली करून समोर मिळेल तिथे उतरणे, हाच धडा शिकाऊ वैमानिकांना दिला जातो. मैदानाकडे परत वळायचा मोह जीवघेणा ठरतो, कारण वळताना पंखांना जास्त वेग हवा असतो आणि नेमका तोच हातात नसतो. इंजिन दगा देते त्यामागे इंधनातले पाणी, कार्ब्युरेटरमध्ये धरलेला बर्फ, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) किंवा स्पार्क प्लगचा दोष अशी साधी कारणे असू शकतात. उष्ण दिवशी किंवा उंचावरच्या मैदानावर हवा विरळ असते. तेव्हा इंजिन ठीक असूनही १३० अश्वशक्ती तोकडी पडते.

अशा अपघातांतून माणसे अनेकदा वाचतात, कारण वेग कमी असतो आणि लाकूड-नळ्यांचा सांगाडा चुरगळत धक्का पचवतो. विमानाची मात्र दैना होते. वरवर फक्त कापड फाटलेले दिसले तरी आतल्या लाकडी तुळईला बारीक चीर गेलेली असू शकते, म्हणून कापड उतरवून तपासावेच लागते. पंखा जमिनीला लागला असेल तर इंजिनाचा क्रँकशाफ्टही (पंखा फिरवणारा मुख्य दांडा) तपासतात.

इथून मालकीची गोष्ट सुरू होते. विमा कंपनीने पूर्ण भरपाई दिली की अवशेष सहसा तिचे होतात, आणि ती ते विकून टाकते. घेणारा एखादा हौशी कारागीर असतो. तो वर्षानुवर्षे शेडमध्ये काम करून विमान पुन्हा उभे करतो किंवा अर्धे सोडून पुढच्याला विकतो.

त्याआधीचा प्रवासही सरळ नसतो. युद्धापूर्वी एखाद्या फ्लाइंग क्लबने घेतलेले टायगर मॉथ १९३९-४० मध्ये सरकारने ताब्यात घेतले आणि त्याला लष्करी क्रमांक मिळाला. १९५० नंतर ब्रिटिश हवाई दलात त्याची जागा चिपमंक या प्रशिक्षण विमानाने घेतली आणि शेकडो टायगर मॉथ विक्रीला निघाली. काही क्लबांकडे गेली, काही ग्लायडर ओढू लागली. न्यूझीलंडमध्ये पुढचे आसन काढून तिथे खताची टाकी बसवली गेली, आणि डोंगरउतारावरच्या आखूड पट्ट्यांवरून सुपरफॉस्फेट घेऊन ही विमाने उडू लागली. भरल्या टाकीनिशी उचललेला तो प्रत्येक टेकऑफ जोखमीचा होता. भारतातही बेगमपेट आणि जोधपूरच्या प्रशिक्षण शाळांत टायगर मॉथवर वैमानिक घडले. हवाई दलाने जपलेले एचयू ५१२ क्रमांकाचे टायगर मॉथ दुरुस्तीनंतर २०१२ च्या वायुसेना दिनी उडाले.

देश बदलला की नोंदणीची अक्षरे बदलतात. ब्रिटनमध्ये ‘जी’, ऑस्ट्रेलियात ‘व्हीएच’, न्यूझीलंडमध्ये ‘झेडके’, भारतात ‘व्हीटी’. एकाच विमानाच्या अंगावर आयुष्यभरात चार-पाच ओळखी चढू शकतात, पण कारखान्याने दिलेला बांधणी क्रमांक तोच राहतो. ब्रिटिश नोंदवहीत कोणते विमान कधी कोणाच्या नावे होते ते सापडते, तरी ती नोंद म्हणजे कायदेशीर मालकीचा पुरावा नव्हे. ती फक्त जबाबदार धारकाचे नाव सांगते. मालकीसाठी विक्रीचे कागद लागतात, आणि अनेक हातांतून गेलेल्या विमानाच्या बाबतीत यातलाच एखादा दुवा हरवलेला असतो.

अपघातांमुळे ओळखीचा प्रश्न आणखी गुंततो. एका मोडक्या विमानाचे पंख, दुसऱ्याचे धड आणि नव्याने घडवलेल्या तुळया जोडून एक उडते विमान तयार होते. ते कोणत्या क्रमांकाचे मानायचे, हे बहुतेक वेळा धडावरची पाटी आणि सोबतची लॉगबुके (उड्डाणे व दुरुस्त्यांच्या नोंदवह्या) ठरवतात. म्हणून जाणता खरेदीदार आधी रंगाची चकाकी पाहत नाही, लॉगबुके मागतो.

त्या कागदांवर किती काही अवलंबून असते हे २०१३ साली दिसले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ कसरती करताना एका टायगर मॉथचे डावे पंख निखळले आणि दोघांचा जीव गेला. धडातून आडव्या जाऊन पंखांचा ताण पेलणाऱ्या सळ्या धातूच्या थकव्याने तुटल्या होत्या, आणि त्या मूळ कारखान्याच्या नसून नंतर घडवलेल्या होत्या. त्यानंतर टायगर मॉथ बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न होता : आपल्या विमानातल्या सळ्या कोणी घडवल्या आणि कोणत्या मालकाच्या काळात बसवल्या?